खूप हुशार मुलांच्या मनाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हुशार आहे ना, मग काळजी कसली?" हे वाक्य प्रज्ञावान (म्हणजे इंग्रजीत 'गिफ्टेड') मुलांच्या आईवडिलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढे ते याबद्दल कुणाशी बोलायचंच सोडून देतात. ही उत्तरं त्यांच्यासाठी आहेत, शिक्षकांसाठी आहेत आणि ज्यांना स्वतःबद्दलच हे प्रश्न पडतात त्या मुलामुलींसाठीही आहेत. मुलाला आयआयटीत कसं पोचवायचं, हा इथला विषय नाही. घरात, वर्गात आणि मैदानावर त्याच्या मनावर काय गुदरतं, तेवढंच इथे आहे.

प्रज्ञावान मूल म्हणजे वर्गात पहिलं येणारं मूल का?

कधी कधी. पहिल्या नंबरामागे पाठांतर, शिस्त, चांगलं अक्षर आणि घरच्यांनी शेजारी बसून दिलेला वेळ असं बरंच काही असतं. प्रज्ञावान मूल ओळखू येतं ते त्याच्या प्रश्नांवरून आणि एखाद्या विषयात बुडून जाण्यावरून. पाचव्या वर्षी "शून्याला शून्याने भागलं तर?" असं विचारून जेवायचं विसरणारं मूल तिसरीत वर्गपाठाची वही अर्धवट ठेवून विसावं येऊ शकतं.

बुद्ध्यंकाच्या (आयक्यूच्या) भाषेत सांगायचं तर सरासरी १००. १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं असतात आणि १४५ च्या वर हजारात एक. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशा मुलाला त्याच्यासारखं दुसरं कुणी भेटेलच असं नाही. ही मुलं एकटी का पडतात, ते या आकड्यांवरून बरंचसं कळतं.

चाचणीबद्दल एक सूचना. आपल्याकडे बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. व्ही. व्ही. कामत यांनी ती १९३४ मध्ये मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली, ते काम त्या काळात फार मोलाचं होतं. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांची परदेशी बुद्धिमत्ता चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, तीही अजून दिसते. पण चाचणीचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते, जुने झाले की आकडा फुगून येतो. त्यामुळे अहवाल हातात पडल्यावर कोणती चाचणी घेतली आणि तिचे निकष कधीचे आहेत, हे मानसशास्त्रज्ञांना जरूर विचारा. आणि तो आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मूल मग तो आकडा सांभाळत बसतं.

एवढं डोकं आहे, तर साध्या गोष्टींवरून लहान बाळासारखा आकांत का करतो?

कारण तो लहानच आहे. वय सहा, विचार दहा वर्षांच्या मुलाचे, हात सहाच वर्षांचे, आणि राग आवरण्याची ताकद कधी कधी चारच वर्षांची. मनात संपूर्ण किल्ल्याचा आराखडा तयार असतो आणि कात्री कागदावर सरळ चालत नाही. मग कागद फाडला जातो, डबा भिरकावला जातो आणि घरातले म्हणतात, "एवढं सगळं कळतं तुला, मग हे कसं कळत नाही?"

हे वाक्य शक्यतो टाळा. १९९१ मध्ये अमेरिकेत कोलंबस शहरी काही पालक, शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र आले आणि प्रज्ञेची व्याख्या त्यांनी याच विषम वाढीवरून केली: बुद्धी, भावना आणि शरीर वेगवेगळ्या वेगाने वाढतात, आणि बुद्धी जितकी पुढे तितकी ही तफावत मोठी. मला ही व्याख्या पटते, कारण ती मुलाला काय जमतं यापेक्षा त्याला काय सोसावं लागतं याकडे बघते.

मोठ्यांची गफलत होते ती बोलण्यामुळे. मूल मोठ्यांच्या शब्दांत बोलतं, म्हणून आपण त्याच्याकडून मोठ्यांच्या समजूतदारपणाची अपेक्षा धरतो. रात्री साडेदहाला "आजी मेल्यावर तिच्या आठवणी कुठे जातात?" असं विचारणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला दोन गोष्टी हव्या असतात: खरं उत्तर आणि कुशीत जागा. "झोप आता, नको ते प्रश्न विचारतेस" म्हटलं की दोन्ही हुकतात. उत्तर माहीत नसेल तर "मलाही हा प्रश्न पडतो, माणसं हजारो वर्षं यावर विचार करतायत" असं सांगा आणि थोपटत बसा.

माझ्या मुलाला मित्र नाहीत. त्याच्यात काही कमी आहे का?

आधी नीट बघा. त्याला मैत्री करता येत नाही, की आसपास त्याच्यासारखं कुणी नाही? काका, शेजारचे निवृत्त मास्तर, दोन-चार वर्षांनी मोठी मुलं यांच्याशी तो तासन् तास गप्पा मारत असेल, तर मैत्री करण्याची क्षमता शाबूत आहे.

या विषयाचा पाया घातला लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. १८० च्या वर बुद्ध्यंक असलेली मुलं त्यांनी न्यूयॉर्क परिसरात वर्षानुवर्षं जवळून पाहिली. १९३९ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं ते काम १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं निरीक्षण असं की साधारण १२५ ते १५५ बुद्ध्यंकाची मुलं समाजात उत्तम रुळतात. ती इतरांपेक्षा पुढे असतात, पण इतरांना त्यांचं बोलणं कळतं. त्याच्या बरंच वर गेलं की अंतर फार वाढतं आणि खेळच जुळेनासा होतो. सहा वर्षांची बाकीची मुलं पकडापकडी खेळत असतात आणि हा त्यांना नवा देश, त्याचा नकाशा आणि तीस नियमांची राज्यघटना समजावून सांगत असतो. मुलं पळून जातात. याला वाटतं, आपल्यालाच काढून टाकलं.

यातून मग दोन वाटा फुटतात. काही मुलं हुकूमशहा होतात, नियम मोडला की ओरडतात, आणि सोसायटीत "आगाऊ", "दीडशहाणा" अशी नावं पडतात. काही मुलं मिटून जातात. दुसरी वाट अधिक काळजीची, कारण त्या मुलाचा कुणालाच त्रास होत नाही आणि म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

एकाच मित्राने सगळं पुरवावं ही अपेक्षा सोडली की मार्ग दिसू लागतो. क्रिकेटसाठी सोसायटीतली मुलं, बुद्धिबळासाठी क्लबमधला बारा वर्षांचा दादा, आकाश बघायला मोठी माणसं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते, मुंबईत खगोल मंडळ आहे. गणिताचं वेड असेल तर पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान, विज्ञानासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. सहावी आणि नववीसाठी होणारी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा पदकासाठी द्यायला हरकत नाही, पण तिच्या पुढच्या टप्प्यांवर आपल्यासारखंच कुणीतरी भेटतं, हा फायदा मला पदकापेक्षा मोठा वाटतो. गिर्यारोहणाचे गट, वाचनालयं, नाट्यशिबिरं हेही चालतं. दहा मित्र लागत नाहीत. एक किंवा दोन पुरतात, फक्त त्यांच्यासमोर आपलं वाक्य सोपं करून बोलावं लागता कामा नये.

आणि सोसायटीतल्या मुलांशी कसं वागायचं, हे शिकवावंच लागतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चूक सापडली तरी प्रत्येक वेळी न दाखवणं, समोरच्याला कशात रस आहे ते विचारणं. बुद्धी आहे म्हणून हे आपोआप येत नाही.

ती फार हळवी आहे. बातम्या बघून झोप उडते, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून रडते. हे हुशारीमुळेच का?

काझिमियेश दोंब्रोव्स्की (१९०२–१९८०) या पोलिश मानसोपचारतज्ज्ञांनी अशा तीव्रतेचे पाच प्रकार सांगितले: शरीराची अखंड चळवळ, इंद्रियांची तीक्ष्णता, बुद्धीची भूक, कल्पनेचा पूर आणि भावनांची खोली. प्रज्ञावान मुलांच्या पालकांना ही यादी वाचून आपलंच घर आठवतं. नंतरच्या संशोधनाने तिला सरसकट दुजोरा दिलेला नाही. प्रत्येक हुशार मूल हळवं नसतं आणि प्रत्येक हळवं मूल प्रज्ञावान नसतं. त्यामुळे आवाज, स्पर्श, गर्दी यांचा त्रास रोजचं जगणं अडवत असेल, तर "हुशार मुलं अशीच असतात" म्हणून सोडून देऊ नका, विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भावनांच्या खोलीबद्दल मात्र थोडं सविस्तर. दुष्काळात गुरांच्या छावण्यांची बातमी ऐकून नऊ वर्षांची मुलगी दोन दिवस जेवत नाही. तिला संकट किती मोठं आहे ते कळतं, पण आपल्या हातात काय आहे ते कळत नाही. "आपल्याला काय करायचंय?" म्हणून तिची समजूत निघत नाही, उलट मोठ्यांना काहीच वाटत नाही या कल्पनेने ती जास्त घाबरते. तिला काहीतरी करू द्या. खाऊचे पैसे पाठवणं, पत्र लिहिणं, घरातलं पाणी मोजून वापरणं, काहीही. आणि टीव्हीवरच्या चोवीस तास बातम्या बंद ठेवा, हा सल्ला मोठ्यांनाही लागू आहे.

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले तरी रडते. येत नसलेल्या गोष्टीला हातच लावत नाही.

या मुलांमध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची, कारण बाहेरून हे सद्गुणासारखं दिसतं. वक्तशीर, नीटनेटकी, एकही चूक नाही. आतून ती मुलगी रोज एक परीक्षा देत असते: मी अजून हुशार आहे ना?

१९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत केलीस" म्हटलं. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली आणि पुन्हा सोपीच कोडी मागू लागली. नुसती शाबासकीची वाक्यं बदलून मूल आमूलाग्र बदलेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, नंतरच्या अभ्यासांत असा परिणाम बेताचाच दिसला आहे. पण घरातली सवय म्हणून हे चांगलंच आहे: "पहिला मार्ग अडला, मग दुसरा कसा सुचला?" असं विचारणं.

खरा उपाय आधीपासून करायचा असतो. प्रज्ञावान मुलाला दहावीपर्यंत काहीही अवघड गेलेलं नसतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडलं तरी नव्वदच्या वर टक्के. अकरावीत जेईईच्या वर्गात गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा असं गणित समोर येतं जे दोन तासांतही सुटत नाही, आणि शेजारच्या बाकावर असा मुलगा असतो ज्याला ते सुटतं. सोळाव्या वर्षी, घरापासून लांब, लाखोंची फी भरलेली असताना, अवघड वाटणं म्हणजे काय याचा पहिला अनुभव घ्यायचा. कित्येक मुलं इथे कोसळतात, आणि घरचे म्हणतात, "दहावीपर्यंत किती हुशार होता!" त्याची हुशारी कुठेही गेलेली नसते. कष्ट करण्याची आणि अडून बसण्याची सवय त्याला कुणी लावलेली नसते, कारण तशी वेळच आलेली नसते.

म्हणून आठव्या-नवव्या वर्षीच त्याला न जमणारं काहीतरी आयुष्यात असू द्या. तबला, पोहणं, एखादी नवी भाषा, ऑलिम्पियाडची गणितं. जिथे तो वर्गात मागून तिसरा असेल अशी एक जागा.

वर्गात लक्ष देत नाही, उलट उत्तरं देतो. शिक्षक म्हणून मी काय करू?

साठ मुलांच्या वर्गात तुम्ही हा प्रश्न विचारताय, हीच मोठी गोष्ट आहे. जे करता येईल ते असं.

आधी पूर्ण करणाऱ्याला तसलीच आणखी दहा गणितं देऊ नका, ती शिक्षाच असते. प्रकरणातली सगळ्यात अवघड पाच गणितं आधी सोडवायला द्या. बरोबर आली तर उरलेला वेळ त्याचा: मागच्या बाकावर वाचन, एखादं कोडं, एखादा छोटा प्रकल्प. दुसरं, त्याला कायम छोटा शिक्षक करू नका. कधीतरी मित्राला समजावून सांगणं चांगलं, रोज तेच काम दिलं तर त्याचं शिकणं थांबतं आणि बाकीच्या मुलांना तो नकोसा होतो. तिसरं, भर वर्गात त्याने तुमची चूक काढली तर त्यात बहुतेकदा उद्धटपणा नसतो, खरं काय ते सांगितलंच पाहिजे अशी त्याची निकड असते. "बरोबर आहे तुझं" म्हणा, आणि अशी गोष्ट तासानंतर सांगितली तर समोरच्याला बरं वाटतं, हे त्याला एकट्याला बोलावून सांगा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी कलमं आहेत. बी.एड.च्या अभ्यासक्रमात अशा मुलांना ओळखणं आणि वाढवणं शिकवावं, शाळांत विषयवार मंडळं असावीत, असं त्यात म्हटलं आहे. मुख्याध्यापकांकडे काही मागायचं असेल तर याचा आधार घ्या.

मार्कांवरून निवाडा करण्याआधी श्रीनिवास रामानुजन आठवावेत. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या कॉलेजात ते शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापुढे बाकीचे विषय मागे पडले, त्यांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरी न सांगता ते विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासला दुसऱ्या कॉलेजात पुन्हा तीच गत. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाला किती शरम वाटली असेल, हे आपण त्यांच्या प्रमेयांचं कौतुक करताना विसरतो.

वरच्या इयत्तेत बसवावं का? वयाने मोठ्या मुलांत तो भरडला जाणार नाही का?

याबाबत आपल्या मनातली भीती पुराव्यापेक्षा मोठी आहे. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी १६० च्या वर बुद्ध्यंक असलेली साठ मुलं अनेक वर्षं अभ्यासली. ज्यांना काळजीपूर्वक दोन-तीन वर्षं पुढे नेलं ती मोठेपणी कामात आणि नात्यांत समाधानी दिसली. ज्यांना हट्टाने वयाच्याच वर्गात ठेवलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मैत्री टिकवणं पुढेही जड गेलं. बरोबरीच्या मुलांत मिसळायला शिकावं म्हणून मागे ठेवलं, आणि मिसळायची इच्छाच गेली.

पण कसं पुढे न्यायचं याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतले विल्यम सिडिस १८९८ मध्ये जन्मले, अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि जानेवारी १९१० मध्ये तिथल्या गणितज्ञांपुढे चार मितींच्या आकृत्यांवर बोलले. वडिलांना आपली शिक्षणपद्धत जगाला सिद्ध करून दाखवायची होती आणि वर्तमानपत्रं मुलाच्या मागे लागली. मोठेपणी सिडिस यांनी साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या, लोकांच्या नजरेपासून लपत राहिले. १९३७ मध्ये एका साप्ताहिकाने त्यांना पुन्हा शोधून काढून लेख छापला. त्याविरुद्ध ते कोर्टात गेले आणि हरले. १९४४ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

गणितज्ञ टेरेन्स ताओ १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडला जन्मले. आईवडिलांनी त्यांना विषयवार पुढे नेलं: गणित वरच्या वर्गात, भाषा आणि खेळ वयाच्या जवळपासच्या मुलांबरोबर. पूर्णवेळ विद्यापीठात पाठवायची घाई केली नाही, आधी काही वर्षं शाळा आणि विद्यापीठ दोन्ही चालू ठेवलं. तेराव्या वर्षी, १९८८ मध्ये, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक, २००६ मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स पदक, आणि सहकाऱ्यांशी मिळून काम करणारा माणूस अशी ख्याती. बुद्धी दोघांकडेही अफाट होती. एकाचं बालपण प्रदर्शनात गेलं, दुसऱ्याला बालपण मिळालं.

आपल्याकडे अख्खी इयत्ता ओलांडणं कागदोपत्री अवघड जातं. एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसू देणं मुख्याध्यापकांच्या संमतीने जमू शकतं. मूल स्वतः तयार हवं, आणि नाही जमलं तर लाज न वाटता परत येता यायला हवं.

मी आठवीत आहे. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही, कारण मुली "स्कॉलर बाई" म्हणून चिडवतात. हे चूक आहे का?

चूक नाही गं. कुठल्याही घोळक्यात राहायचं तर माणूस थोडं स्वतःला सांभाळूनच बोलतो. पण एक लक्ष ठेव: उत्तर लपवता लपवता तू ते शोधायचंही सोडलंस, तर ते नुकसान तुझं. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुली इथेच मागे सरतात, आणि घरात "जास्त शिकलीस तर तसलं स्थळ मिळायचं नाही" हे कानावर पडत असेल तर आणखी लवकर.

वर लेटा हॉलिंगवर्थ यांचं नाव आलंय. त्या लग्न करून न्यूयॉर्कला आल्या तेव्हा तिथल्या शाळा विवाहित स्त्रियांना शिक्षिका म्हणून घेत नव्हत्या. बायकांची बुद्धी जात्याच पुरुषांपेक्षा कमी पल्ल्याची, असं तेव्हाचे विद्वान सांगत. नोकरी नाकारलेल्या या बाईंनी मोजमापं घेऊन ते खोडून काढलं. तू वर्गात हात वर कर किंवा करू नकोस, पण निदान एक माणूस असा शोध, बाई, मावशी, लायब्ररीतली ताई, जिच्याशी पूर्ण वेगाने बोलता येईल.

मूल बोलण्यात इतकं तल्लख, पण लिहिताना अक्षर अन् अक्षर चुकतं. आळस म्हणायचं का?

नाही. प्रज्ञा आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) किंवा स्वमग्नता एकाच मुलात असू शकतात. तेव्हा एक गोष्ट दुसरीला झाकते: बुद्धीच्या जोरावर मूल अडचण लपवतं, आणि अडचणीमुळे बुद्धी दिसत नाही. शिक्षकांना ते मध्यम वाटतं, घरच्यांना आळशी, आणि त्याला स्वतःला मठ्ठ. हा तिसरा शिक्का पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळत आल्या आहेत: जादा वेळ, लेखनिक वगैरे. त्यासाठी अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट बघू नका. मात्र अडचणीवर उपचार करताना मुलाच्या आवडीचा रोबोटिक्सचा किंवा चित्रकलेचा वर्ग "आधी शुद्धलेखन सुधार" म्हणून बंद करू नका. तिथेच तर त्याला आपण काहीतरी आहोत असं वाटत असतं.

आमचा मुलगा गावाकडचा. नवोदयला निवड झाली. सगळे खूश आहेत, तो मात्र गप्प आहे.

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. अकराव्या वर्षी घर सुटतंय, गप्प असणारच. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन नवोदय विद्यालयांची सुरुवात झाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. तेव्हापासून खेड्यातल्या हजारो मुलांना या शाळांनी जग दाखवलं. तरीही सुरुवातीचे महिने कठीण जातात. गावात तो एकमेव हुशार होता, इथे चाळीस जण तसेच. पहिला नंबर जातो, आईच्या हातची भाकरी जाते, आणि त्याच वेळी प्रथमच बरोबरीचे मित्रही मिळतात. या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. नववीत त्याला वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवण्याची शक्यता असते, तेही आधी माहीत असलेलं बरं.

जे मूल घरातलं पहिलं शिकणारं असतं, त्याच्या वाट्याला आणखी एक एकटेपणा येतो. सुट्टीत घरी आल्यावर त्याला वाटतं, आपण जे वाचतो ते इथे कुणाला सांगावं? आणि शाळेत वाटतं, आपल्या घराबद्दल कुणाला सांगावं? आईवडिलांना विषय कळायलाच हवा असं नाही. "तुझं ते काय चाललंय, मला समजेल असं सांग" म्हणून पोराला बोलतं केलं, मधे फोन वाजला तरी न उचलता ऐकलं, की त्याला घर परकं वाटत नाही. आणि त्याच्या बोलीला शाळेत कुणी हसलं असेल, तर ती बोली घरात मानाने बोला.

प्रज्ञावान मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा चांगल्या का?

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ पासून तिची प्रशाला आहे. पाचवीला चाचणी घेऊन प्रवेश मिळतो, आणि बुद्धी समाजाच्या कामी यावी हा तिथला आग्रह. एकलकोंड्या मुलाला अशा ठिकाणी "माझ्यासारखे आणखी आहेत" हा जो दिलासा मिळतो, तो मोठा असतो. किंमत एवढीच की तो तिथे सर्वसाधारण ठरतो. काही मुलांना ती सुटका वाटते, काहींना धक्का. प्रवेश मिळाला नाही तर मूल प्रज्ञावान नाही असं मुळीच नाही, जागा मोजक्या असतात. चौथीतल्या मुलाला त्या परीक्षेसाठी वर्षभर क्लासला जुंपणं मात्र मला अजिबात पटत नाही.

हुशार मुलांना नैराश्य जास्त येतं म्हणतात. खरं आहे?

एकूण पुरावा तसं सांगत नाही. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे दीड हजार हुशार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला. ती मुलं तब्येतीने आणि मनाने इतरांपेक्षा खचलेली नव्हती. त्यांची निवड बरीचशी सुस्थितीतल्या घरांतून झाली होती, हे खरं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या लोकसंख्येच्या माहितीवरूनही उच्च बुद्धीमुळे मानसिक आजार वाढतात असं आढळलं नाही. उलट निष्कर्ष काढणारी जी पाहणी वारंवार सांगितली जाते, ती मेन्सा या उच्च बुद्ध्यंकाच्या लोकांच्या संस्थेच्या अमेरिकन सभासदांमध्ये केलेली होती, आणि अशा संस्थेत कोण जातं यानेच चित्र बदलतं.

म्हणजे बुद्धी हे दुःखाचं कारण नाही. एकटेपणा, न शिकता वर्षानुवर्षं बसून राहणं, कायम सिद्ध करत राहण्याचा ताण, ही कारणं आहेत, आणि ती बदलता येतात. पण याचा अर्थ तुमच्या मुलाला त्रास होऊ शकत नाही असा नव्हे. आवडीच्या गोष्टी सोडून देणं, झोप आणि भूक बिघडणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, ही तत्त्वज्ञानाची चर्चा समजू नका. ही मुलं आपली वेदना फार तर्कशुद्ध शब्दांत मांडतात आणि ऐकणारे फसतात. त्याच दिवशी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

धाकट्या भावंडाचं काय?

थोरल्याच्या नावाने त्याला ओळखायचं बंद करा, शाळेलाही सांगा. हुशारी बहुधा एकाच मुलापुरती नसते, पण थोरल्याने जागा व्यापली की धाकटं मुद्दाम वेगळं काहीतरी, कधी दंगासुद्धा, आपलं म्हणून निवडतं.

आम्ही अमेरिकेत आहोत. शाळेने चाचणी घेऊन मुलीला गिफ्टेड वर्गात घेतलं. आता सगळं ठीक ना?

अभ्यासाचं बरंचसं. तिथे हे नियम राज्याप्रमाणे आणि शाळेप्रमाणे बदलतात. आपल्या मराठी मंडळात मात्र "कोणाची मुलं गिफ्टेडमध्ये" हा गणपतीच्या आरतीनंतरचा विषय होतो, आणि मुलं ते ऐकत असतात. ज्यांची निवड झाली नाही तीही, आणि झाली तीही. तेवढा विषय मुलांसमोर नको.

मुलाला तो प्रज्ञावान आहे हे सांगावं का?

त्याला आपण वेगळे आहोत हे आधीच कळलेलं असतं. आपण सांगितलं नाही तर तो स्वतःचं कारण शोधतो, आणि ते बहुतेकदा "माझ्यातच काहीतरी बिघडलंय" असं असतं. म्हणून सांगा, पण साधेपणाने: "तुझं डोकं काही गोष्टींत भराभर चालतं. काही गोष्टींत सगळ्यांसारखं, काहींत हळू. त्यामुळे कधी मजा येते, कधी एकटं वाटतं." आकडा सांगायची गरज नाही. आणि याबरोबर जबाबदारीचं ओझं लगेच खांद्यावर ठेवू नका. देशाचं नाव उज्ज्वल करणं दहाव्या वर्षी कुणालाच झेपत नाही.

मी चाळिशीत आहे. मुलीसाठी हे वाचताना प्रत्येक उत्तरात मीच दिसतोय. आता त्याचा काय उपयोग?

हा प्रश्न फार पालक विचारतात, बहुधा सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात. आपल्या पिढीत चौकस मुलाला "लहान तोंडी मोठा घास" म्हणून गप्प केलं जायचं आणि मार्क पडले नाहीत की "डोकं आहे पण वाया गेला" हा निकाल लागायचा. नोकरीत सभा लांबल्या की जीव का घुसमटतो, दर दोन वर्षांनी नवा छंद का लागतो, गर्दीत असूनही बोलायला कुणी का नाही, याची संगती अचानक लागते. सोबत थोडा रागही येतो आणि वाईटही वाटतं. तसं वाटू द्या.

चाचणी द्यायलाच हवी असं नाही. पण एखाद्या समुपदेशकाशी चार वेळा बोलून बघा, आणि ज्या विषयात एके काळी जेवण विसरत होतात तो पुन्हा उघडा. आकाशदर्शनाला, गाण्याच्या बैठकीला, इतिहासाच्या अभ्यासवर्गाला जा आणि मुलीलाही सोबत न्या. तिच्यासाठी शोधत असलेल्या माणसांमध्ये एखादं तुमच्यासाठीही निघेल.